मला धरलंय ना?

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला नीट जोडून ठेवायचे आणि विचारायचे, "मला धरलंय ना?"

"धरलंय, मास्तर."

एवढं ऐकलं की वळून जायचे.

'धरणं' हा आपल्या स्वयंपाकघरातला रोजचा शब्द. 'आज रात्री मला धरू नका', 'पाहुण्यांना धरून अकरा जण होतील'. भात किती टाकायचा, कणीक किती भिजवायची, याचा तो हिशेब. पहिले काही दिवस मला वाटायचं, जेवण पुरेल की नाही याची या माणसाला धास्ती असावी. कधीतरी फार उपाशी राहिले असतील. पण ताट समोर आलं की ते दोन घास खाऊन उठायचे. मग रोज विचारतात तरी कशाला, हे मला भातलावणीपर्यंत कळलं नाही.

भोरच्या पुढे, नीरा-देवघरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी ही जागा आहे. तिथे मी वर्षभर राहिले, एका जूनपासून पुढच्या जूनपर्यंत. संस्थेचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही लिहीत नाही. तिथल्या कोणाला त्याच्या गावच्या माणसाने ओळखावं आणि त्याचा त्रास त्याला व्हावा, हे नको. आम्ही एकमेकांना ज्या हाका मारायचो, त्याच इथे लिहिते. मास्तर, मावशी, दादा. मी 'ताई'.

बावीस जण होते. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया, काहींना बायपोलर, म्हणजे मन उन्माद आणि नैराश्य यांच्यात झोके घेतं तो आजार. औषधांनी तीव्र लक्षणं आटोक्यात आलेली, पण घरी जाण्याइतकी घडी अजून बसलेली नाही, अशी ही माणसं. काहींना जायला घरच उरलेलं नाही. मराठीत अलीकडे या क्षेत्रात 'पेशंट' म्हणत नाहीत, 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. सुंदर शब्द आहेत, कुणीतरी फार मायेने घडवलेले. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी पुण्याहून मानसोपचारतज्ज्ञ येत. समुपदेशक आणि एक सामाजिक कार्यकर्ती तिथेच राहत. गोळ्या सिस्टरांच्या कपाटात. फाटकाला कुलूप रात्रीच लागायचं, तेही रानडुकरांमुळे.

स्वयंसेवक म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कोणीच धड सांगितलं नाही. "राहा," म्हणाले. "पाळ्या लावून घ्या आणि राहा."

त्या पाळ्यांचा फळा स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. शाळेतला असतो तसा काळा, एका कोपऱ्यात टवका उडालेला. भाजी चिरणं, भांडी, झाडलोट, गोठा, पाणी भरणं, पोळ्या. समोर खडूने नावं. संस्था चालवणाऱ्या बाईंचं नावही त्यात असायचं आणि सिस्टरांचंही. नियम एकच होता, नाव पुसायचं नाही. एखाद्याला जमलं नाही, तर दुसऱ्याने ते काम करायचं आणि त्याच्या नावाशेजारी आपलं नाव लिहायचं. मला हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. मी मान डोलावली होती.

जुलैत खाचरांत चिखलणी झाली आणि लावणी आली. संस्थेची दीड एकर जमीन आहे. शेजारच्या वाडीतल्या बायका मदतीला यायच्या, त्यांच्या हाताखाली आमच्यातले आठ-दहा जण. पाऊस असा की इरल्याखालची माणसं ओळखू यायची नाहीत. त्या दिवशी बांधावर जेवण न्यायचं होतं आणि मास्तरांची पाळी होती पाणी वाटायची. दोन दिवसांपासून ते अंथरुणातून उठलेच नव्हते. मी खोलीत डोकावले, तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला वाईट वाटलं. म्हटलं, कशाला या माणसाच्या जिवाला घोर? आराम करू दे. फळ्यावरचं त्यांचं नाव मी बोटानेच पुसलं आणि भाकऱ्या सांगताना त्यांना धरलं नाही. त्यांचं ताट खोलीत पाठवायचं, असं मनाशी ठरवलं.

दुपारी एकच्या सुमाराला ते बांधावर आले. एकटे, भिजत, हातात पाण्याची कळशी. कसे उठले, कधी उठले, कुणास ठाऊक. आम्ही पानं मांडून बसलो होतो. त्यांनी पानांवरून नजर फिरवली. गणिताचे मास्तर ते, एका दृष्टिक्षेपात मोजलं असणार. कळशी खाली ठेवली आणि आल्या वाटेने परत गेले. मी हाका मारत मागे धावले, माझ्या वाट्याची भाकरी घेऊन. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढचे चार दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत.

बाई मला रागावल्या नाहीत. रात्री भांडी विसळताना त्यांनी फक्त सांगितलं, की मास्तर बारा वर्षं एका मोठ्या संस्थेत होते. तिथे सकाळ-संध्याकाळ मोजणी व्हायची. सगळ्यांनी ओळीने उभं राहायचं आणि कोणीतरी काठीने हवेत टिंबं देत डोकी मोजायची. "बारा वर्षं रोज दोनदा मोजले गेलेत ते," बाई म्हणाल्या, "पण कुणी कशात धरलं नाही."

मी त्या रात्री झोपले नाही. कारण पुसणारं बोट माझं होतं आणि ते मायेनेच पुढे झालं होतं. आजारी माणसाला आपण असंच तर बाजूला काढतो. कामाला लावू नका, सांगू नका, विचारू नका, त्याला त्रास नको. दर वेळी कारण चांगलंच असतं.

स्किझोफ्रेनियाची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. भास होणं, कानात आवाज येणं, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असं वाटणं, ही लक्षणं औषधांना बऱ्यापैकी दाद देतात. पण उठावंसं न वाटणं, आंघोळीची इच्छा नसणं, बोलण्यातला आणि चेहऱ्यावरचा ओलावा आटणं, यांवर औषधं फारशी चालत नाहीत. घरचे त्याला आळस म्हणतात. मास्तरांच्या भावानेही पंचवीस वर्षं तेच म्हटलं. फळा हे त्यावरचं औषध आहे असा माझा दावा नाही. पण ज्याला स्वतःसाठी उठावंसं वाटत नाही, तो आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय म्हणून कधीकधी उठतो. कळशी घेऊन भिजत येतो. हे मी पाहिलं आहे.

इथे एक प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पूर्वीची मनोरुग्णालयं रुग्णांच्या फुकट श्रमांवर चालत. शेती, विणकाम, धोबीघाट, सगळं 'उपचार' म्हणून. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो 29 मे 2018 पासून लागू झाला, स्पष्ट सांगतो की अशा संस्थेत कोणावरही कामाची सक्ती करता येणार नाही आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला दिला पाहिजे. याच कायद्यात सक्तीने मुंडण करायचं नाही, गणवेश घालायला लावायचा नाही, साखळदंड लावायचे नाहीत, असंही लिहिलं आहे. ही कलमं वाचताना मला नेहमी वाटतं, की जे जे नको म्हणून लिहावं लागलं, ते ते कुठेतरी चालत होतं.

मग आमचा फळा म्हणजे सक्ती होती का? या प्रश्नावर मी बाईंशी बरेच दिवस भांडले. त्यांचं म्हणणं असं, की घरकाम हे घरकाम आहे, ते सगळ्यांचं, त्यांचं स्वतःचंही. न करणाऱ्याला कोणी बोलायचं नाही, जेवण-चहा काही अडायचं नाही. मात्र जे विकलं जातं, त्याचे पैसे करणाऱ्याचे. कापडी पिशव्या आणि गांडूळखत विकलं जायचं आणि दर शनिवारी पाकिटं वाटली जायची. मास्तरांनी एका शनिवारी पाकिटातून रंगीत खडूंचा डबा आणवला. तेव्हापासून फळ्यावर पोळ्या पिवळ्या, गोठा हिरवा आणि भांडी निळी. मला आजही वाटतं, की ती रेघ फार बारीक आहे आणि बाईंसारखं कोणी नसेल तिथे ती सहज पुसली जाईल. पण त्या घरात ती रोज जपली जात होती.

जपण्याच्या गोष्टी बारीकच असतात. पहिल्या आठवड्यात चहाची पाळी माझी होती. मी कप काठोकाठ भरले, आपल्याकडे पाहुण्याला देतात तसे. मावशींनी कप उचललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, अर्धाच भरा. लागला तर परत मागू आम्ही." तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या हातांकडे पाहिलं. बशीवर कपाची टकटक ऐकू येईल इतकी बारीक थरथर. बऱ्याच जणांचे हात तसे होते. कुणाचे लिथियमच्या गोळ्यांनी, कुणाचे दुसऱ्या कशाने. सगळ्यांदेखत चहा सांडायला नको म्हणून मावशी रोज चहाच सोडत होत्या.

आधुनिक मानसोपचारात लिथियम 1949 पासून वापरात आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी त्याचा उपयोग दाखवला. साधा क्षार, पण उन्माद आणि नैराश्य यांच्या झोक्याला त्याने जो लगाम बसतो, तो अजूनही मोलाचा आहे. मात्र त्याची रक्तातली पातळी सांभाळावी लागते. घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की पातळी वर चढते आणि विषबाधा होऊ शकते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत माझं मुख्य काम माठ हेच होतं. तीन माठ, झाडाखाली एक, पडवीत एक, शिवणखोलीत एक. मावशी, पाणी प्यायलात? किती तांबे? जेवणात मीठ कमी करायची टूम कोणी काढली, तर सिस्टर लगेच थांबवायच्या. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू झालेल्यांचं पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी घसरण्याचा धोका असतो. त्यासाठी सोमवारी तालुक्याहून लॅबवाला मोटरसायकलवर यायचा. रात्री त्यांच्या तोंडातून लाळ गळते, म्हणून उशीवर टॉवेल. हे टॉवेल रोज धुवायचे, वाळवायचे, घडी करून ज्याचे त्याच्या उशीवर ठेवायचे. वर्षभरात मी सर्वांत जास्त काय केलं असेल, तर टॉवेलच्या घड्या.

दिवाळीबद्दल लिहायचं टाळत होते.

धनत्रयोदशीपासून काहींना न्यायला घरचे येतात. सकाळपासून फाटकाकडे लक्ष. कोणी नवा शर्ट घालून पिशवी मांडीवर घेऊन दोन-दोन तास पायरीवर बसलेलं. बावीसपैकी नऊ जण गेले. मास्तरांच्या भावाचा फोन आला, तो मीच घेतला. सभ्य आवाज होता, खालच्या पट्टीतला. "या वर्षी नको. मुलीचं बघतोय आम्ही. पाहुणे येणार-जाणार. तुम्ही समजून घ्याल." आपल्याकडे 'मुलीचं बघतोय' या दोन शब्दांत किती माणसं घरातून नाहीशी झाली असतील! स्थळ सांगताना भावंडं किती, काका किती, हे विचारतात आणि उत्तरात एक आकडा कमी सांगितला जातो.

मी निरोप सांगितला. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." थोडं थांबून म्हणाले, "लक्ष्मीपूजनाला इथेच. मला धरा."

मला त्या भावाचा भयंकर राग आला होता. पण तो राग मला धड करताही येईना, कारण आमच्या घरात हेच झालं होतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या वाड्यात परसाकडे एक खोली होती. माझे धाकटे काका तिथे राहायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. त्यांचं ताट पोचवायचं काम माझं. उंबऱ्यावर ठेवायचं, आत जायचं नाही. ते भिंतीशी बोलत असायचे, कधी हसायचे, आणि पहाटे फार गोड आवाजात अभंग म्हणायचे. त्यांना काय झालंय, हे घरात कोणी कधी उच्चारलं नाही. आजी चुलीपाशी बसून माणसं मोजायची, "आपण नऊ." आम्ही दहा होतो. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, चूल विझत आली की काकांचं ताट वाढलं जायचं. ते 1991 मध्ये गेले, त्याच खोलीत, तापाने. मला आज वाटतं, मास्तरांना जे आहे तेच त्यांना असावं. मी भोरला का गेले, असं लोक विचारतात. समाजसेवेची आवड म्हणून सांगते, पण खरं कारण त्या खोलीचा उंबरा आहे.

समुपदेशकांनी एकदा गीलची हकिगत सांगितली होती. बेल्जियममधलं एक गाव. तिथे संत डिम्फनाचं देऊळ, म्हणजे चर्च. मानसिक आजार बरा व्हावा म्हणून लोक यात्रेला यायचे आणि जागा पुरायची नाही, तेव्हा गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घ्यायचे. तेराव्या शतकापासून ही रीत चालत आली आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीला त्या एका गावात साडेतीन हजारांवर असे पाहुणे घराघरांत राहत होते, शेतात आणि स्वयंपाकघरात हात लावत होते. आता संख्या खूप कमी झाली आहे, पण रीत मोडलेली नाही. ते ऐकताना मी मनातल्या मनात काकांना त्या गावात नेऊन बसवलं. जेवायच्या टेबलापाशी, घरच्या माणसांमध्ये.

आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एकोणिसावं कलम आहे. घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवून घेता येणार नाही, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे, असं ते म्हणतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, आणि बरं होऊनही जायला जागा नाही म्हणून अडकून राहिलेली माणसं हा त्यांचा जुना प्रश्न. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला बजावलं, की अशा माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं ताबडतोब बंद करा. याचा अर्थ, तोवर ते होत होतं. कलम आहे, पण घरं नाहीत. आमच्यासारख्या बावीस जणांच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आणि त्यांचा महिन्याचा खर्च कितीतरी घरांना न झेपणारा. फळा कितीही चांगला असला, तरी त्यावर नाव लागायला आधी तिथवर पोचावं लागतं.

जानेवारीत दादा कोसळला. सव्वीस वर्षांचा मुलगा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आजार सुरू झालेला. तो गोळ्या जिभेखाली ठेवून थुंकत होता, हे उशिरा कळलं. तीन रात्री झोपला नाही. चौथ्या रात्री आमटीत मी काहीतरी कालवलं म्हणून माझ्या अंगावर ओरडत आला आणि लगेच स्वतःच घाबरून कोपऱ्यात बसला. मी भ्याले, हे खरं आहे. त्याहून जास्त भेदरलेला तो होता. सकाळी त्याला पुण्याच्या रुग्णालयात न्यावं लागलं. पाच आठवडे तो तिथे होता.

फळ्यावर 'भांडी' समोर निळ्या खडूने त्याचं नाव होतं. ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या नावाशेजारी, गणिताच्या मास्तरांच्या त्या ताठ, सुवाच्य अक्षरात, 'मास्तर' असं लिहिलेलं दिसलं. मला कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. त्यांनी रोज भांडी घासली, असं मात्र नाही. आठवड्यातून तीन दिवस घासायचे. उरलेले दिवस भांडी रात्री अकरापर्यंत मोरीत पडून राहायची आणि मग मी किंवा सिस्टर हात मारायचो. पण नाव त्यांनी रोज लिहिलं. फेब्रुवारीच्या शेवटी दादा परत आला, सुजलेला, मंद, बोलताना शब्द शोधणारा. स्वयंपाकघरात येऊन फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग मोरीपाशी गेला, एक पातेलं घेतलं आणि ते एकच पातेलं वीस मिनिटं घासत बसला. कोणी काही बोललं नाही. मास्तरांनी त्या संध्याकाळी शेजारचं आपलं नाव स्वतःच्या हाताने पुसलं. नियमात ते बसत होतं की नाही, मला माहीत नाही.

जूनमध्ये मी घरी परतले. आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे, माझ्याकडे पुण्यालाच असते. गेल्या आठवड्यात तव्यावर भाकरी टाकता टाकता मी सहज विचारावं तसं विचारलं. सहज नव्हतं ते, चाळीस वर्षं विचारायचं राहिलं होतं. म्हटलं, "आई, काका किती भाकऱ्या खायचे गं?"

मला वाटलं, तिला आठवणार नाही. किंवा विषय बदलेल.

"अडीच," आई म्हणाली. तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही. "सासूबाई पीठ नवांचंच काढून द्यायच्या. मी परातीत मूठभर जास्त घ्यायचे. आणि भाऊजींना विझत्या चुलीवरची, खरपूस, कडक झालेली आवडायची. म्हणून त्यांची शेवटी."

मग माझ्या तव्याकडे बघून म्हणाली, "उलट ती. करपतेय."